मंदाक्रांतेची पुली

४ फेब्रुवारी

चिरंजीव भाच्यास,

आशीर्वाद आहेत, पण आज जरा रागावलेले आहेत.

तुझ्या आजीच्या शिलाई मशीनचा आवाज तुला आठवणार नाही. तू जन्मायच्या आधीच ते मशीन माळ्यावर गेलं. मला मात्र अजून ऐकू येतो. खाली पायापाशी मोठं चाक, वर हाताशी लहान चाक, मध्ये चामड्याची वादी. आई पायडल दाबायची. आधी खडखड, खडखड, आणि मग लय सापडली की लांबलचक सुर्रर्र. मी शेजारी जमिनीवर बसून शाळेची कविता पाठ करायचो. आईचा पाय चुकला की माझी ओळ अडखळायची. मग ती म्हणायची, "तू पुढे म्हण, मी तुझ्या मागून शिवते." त्या काळात आमच्या घरात शिवलेल्या सदऱ्यांना वृत्त असायचं.

हे सांगायचं कारण, यंत्रातलं मला कळतं ते एवढंच: मोठं चाक, लहान चाक आणि मधली वादी. आणि तू नेमकं तेच बदलून गेलास!

चार दिवस सुट्टीला आलास. मी म्हटलं, भाचा मामाला भेटायला आला. भाचा मामाच्या गाडीला भेटायला आला होता. मला वाचनालयात पाठवलंस, माझ्या मागे बॉनेट उघडलंस आणि आमच्या मंदाक्रांतेच्या पोटात कसलीशी अंडरड्राइव्ह पुली बसवून, "मामा, सरप्राइज आहे, चालवून बघा," म्हणून गेलास. बघितली चालवून. रिकाम्या रस्त्यावर पळते, हे कबूल. पण मंदाक्रांता हे नाव मी तिला उगीच ठेवलं नव्हतं. मंद पावलं टाकणारीला तू शर्यतीला उभी केलीस.

सावकाश वळवताना स्टिअरिंग जात्यासारखं जड लागतं. तलावाच्या फाटकाजवळची माझी ठरलेली जागा घ्यायची, तर दोन्ही खांदे कामाला लावावे लागतात. तुझी मामी रोज संध्याकाळी तिथे पोहायला जाते, तेव्हा रोज दोन्ही खांदे. गाडी थांबली की दिवे असे मिणमिणतात, की कुणी दृष्ट काढल्यासारखं वाटतं. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे तो आवाज गेला. उभ्या गाडीत इंजिन घुमायचं ना, वळचणीला पारवा घुमावा तसं? ते पारवं तू उडवलंस.

फोन करत नाही. मी चिडून बोललो की मामी आतल्या खोलीतून सगळं ऐकते. तिचे कान तुला माहीत आहेत.

उत्तर लगेच दे.

मामा


११ फेब्रुवारी

ती. मामांना साष्टांग नमस्कार (खरंच घातला, टूलबॉक्सवर डोकं आपटलं).

पत्र मिळालं. आमच्या वर्कशॉपमध्ये मला पत्र आलं म्हणून सगळे जमले होते. त्यांना वाटलं, कोर्टाची नोटीस.

मामा, तुमचं शिलाई मशीनच घेऊ. तिथे खालचं मोठं चाक फिरतं आणि वादी वरचं चाक फिरवते. गाडीतही तसंच आहे. इंजिनच्या दांड्यावर एक पुली असते, तिच्यावरून पट्टा जातो, आणि तो पट्टा चार कामं करतो: पाणी फिरवतो, वीज तयार करतो, स्टिअरिंगला जोर देतो आणि एसी चालवतो. या चौघांना ओढण्यात इंजिनची बरीच ताकद जाते. मी इंजिनवरची पुली लहान घातली. आता पट्टा सावकाश फिरतो, चौघं सावकाश फिरतात, आणि वाचलेली ताकद चाकांना मिळते. आमच्याकडे लोक यासाठी रांग लावतात. मी तुम्हाला प्रेमाने बसवून दिली.

तुम्ही सांगता ते सगळं गाडी उभी असताना किंवा रांगत असतानाच होणार. उपाय सोपा आहे. थांबलात की अ‍ॅक्सलेटरवर पाय थोडा दाबून ठेवायचा. दिवे भरतील, स्टिअरिंग हलकं होईल. आणि जरा वेगात चालवा ना. मामींना लांब फिरायला घेऊन जा.

पारव्याचं म्हणाल, तर तो दोष होता. जुन्या पुलीची कड कधीतरी आपटून वाकली होती, म्हणून पट्टा घुमायचा. तो मी काढला. त्याबद्दल तरी शाबासकी द्या.

तुमचा,
भाचा


१९ फेब्रुवारी

चिरंजीव,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. म्हणजे असं झालं, की तू घरातल्या सगळ्या नोकरांना सांगून आलास, सावकाश काम करा, आणि मालक तेवढा तरणाताठा झाला. पाणी आणणारा रेंगाळतोय, दिवा लावणारा पेंगतोय, आणि मालक अंगणात उड्या मारतोय. अशा घरात मी राहतो आहे.

तुझा उपाय केला. फाटकाशी उभा राहून पाय दाबून ठेवला. गाडी अशी गुरगुरायला लागली, की तलावाचा वॉचमन काठी घेऊन आला. म्हणाला, "काका, या वयात?" तिथे सगळे मला ओळखतात. त्याच्या शेजारी पोहून आलेल्या दोन बायका ओल्या केसांनी माझ्याकडे बघत होत्या. मी पाय काढला. काढल्यावर दिवे मेले.

आता नवीन ऐक. थोडा वेळ उभं राहिलं की तापमानाचा काटा चढतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, काटाच बिघडला. दुसऱ्या दिवशी बॉनेटमधून वाफ आली. तेव्हापासून मी तिथे पोचलो की इंजिन बंद करून बसतो. तुझ्या मामीने विचारलं, बंद का ठेवता. मी म्हटलं, पेट्रोल वाचतं. ती काही बोलली नाही. बायको काही बोलत नाही म्हणजे काय, हे तुला लग्नानंतर कळेल.

वेगात चालवू म्हणतोस. कुठे? घर ते तलाव, मध्ये तीन सिग्नल, एक शाळा आणि एक गतिरोधक, जो बांधणाऱ्याला डोंगर बांधायचा होता. हा माझा प्रदेश. यात थांबणं आहे, वाट बघणं आहे. कवितेत यती असतो, ओळीच्या मध्ये थांबायची जागा. तू माझ्या गाडीतून सगळे यती काढून टाकलेस.

मला जुनी पुली हवी आहे. वाकलेली. तीच.

मामा


२६ फेब्रुवारी

ती. मामा,

रागावू नका, पण तुम्ही गाडी चालवता की तिला फिरायला नेता?

मी तुम्हाला कितीदा सांगू? उभ्या गाडीसाठी ही पुली नाहीच. हे मी आधी विचारायला हवं होतं, मान्य. पण जगात कुठला माणूस गाडी घेतो ती उभी ठेवायला? मामींना आत सोडायचं, घरी यायचं, वेळेला आणायला जायचं. किंवा गाडी तिथे लावून बाकावर बसायचं. तुम्ही इंजिन चालू ठेवून, दिवे लावून फाटकावर उभे राहता, असं आईने सांगितलं. मी हसलो नाही. पण मामा, कशासाठी?

जुनी पुली आता नाही. तुमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला मी ती दिली होती, भंगारात टाक म्हणून. कंपनीची नवी मूळ पुली शोधतो. गाडी जुनी आहे, वेळ लागेल. ती आली की दिवे, काटा, स्टिअरिंग सगळं पहिल्यासारखं होईल. पारवं मात्र विसरा. वाकलेली पुली कोणी मुद्दाम बनवत नाही. एका आवाजापायी एवढं काय?

तुमचा,
भाचा


२३ मार्च

ती. मामा,

तीन आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. माझ्या शेवटच्या पत्रात मी जरा तोंड सोडलं. ते तोंड आता बंद केलं आहे.

आईचा फोन होता. म्हणाली, मामी पोहायला जात नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, पाणी गार असतं. मामी असं म्हणाल्या? लहानपणी मला पाण्यात ढकलून वर "गार काही नसतं, मनात असतं" म्हणणारी बाई? आई आता पिशवी भरून तुमच्याकडे यायचं म्हणते आहे. मी तिला थोपवून धरलं आहे, पण तिला थोपवणं म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

एसी नीट चालत नाही म्हणून त्यांना गाडीत गुदमरतं का? तसं असेल तर मी मोठा पंखा पाठवतो. नवी पुली मिळाली आहे, पुढच्या आठवड्यात पोचेल. तोवर रिक्षाने जा. पण मामींचं पोहणं माझ्या पुलीमुळे बंद झालं असेल, तर मला सरळ सांगा. मी हातात पान्हे घेऊन आलो होतो ते तुम्हा दोघांना बरं वाटावं म्हणून.

भाचा


३० मार्च

चिरंजीव,

पंखा पाठवू नकोस. आणि ताईला तिकडेच धरून ठेव, ती आली तर तुझ्या मामीचा हात धरून तिला घरातल्या घरात चालवेल, तेच नको आहे म्हणून तर आम्ही हे सगळं दडवलं.

ऐक, आणि मामीला कळू देऊ नकोस की तुला कळलं.

तुझ्या मामीला दिसत नाही. म्हणजे अंधार नाही, पण मधलं सगळं पुसलं गेलं आहे, कडा तेवढ्या उरल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, यावर आता काही नाही. गेल्या वर्षीपासून आहे. तुला कळलं का? जेवताना तुला वाढत होती, तेव्हा कळलं? नाही कळलं. ती कुणालाच कळू देत नाही. पोहायला जाते, कारण तिथे पाण्यात दोरी असते, तिच्या कडेने जायचं. म्हणते, "पाण्याखाली सगळ्यांनाच धूसर दिसतं. तिथे मी सगळ्यांच्या बरोबरीची."

बाहेर पडल्यावरची युक्ती आम्ही दोघांनी बसवली होती. ती फाटकातून येते, पायरीवर थांबते, केस नीट करते. म्हणजे लोकांना वाटतं केस नीट करते. ती ऐकत असते. दहा गाड्या उभ्या असल्या तरी पारवं एकच घुमतं, त्याच्याखाली दिव्यांचे दोन पांढरे डाग. तिकडे ती सरळ चालत येते, दार उघडते, बसते. मी उतरायचं नाही, हाक मारायची नाही, हात द्यायचा नाही. असा आमचा करार आहे. वर्षभर एकदाही चुकली नाही; पारवं गेल्यावरही पावलं मोजून ठरलेल्या जागेपर्यंत येत होती.

आणि तू विचारतोस, एका आवाजापायी एवढं काय.

तिचं पोहणं बंद झालं त्या दिवशी माझ्या जागेवर दुसरं कोणीतरी होतं. जड स्टिअरिंग ओढत मी बराच मागे जाऊन लागलो, आणि काटा चढला म्हणून इंजिन बंद केलं. ती पायरीवर आली. केसांना हात लावला. आणि इतक्या खात्रीने, इतकी ताठ चालत गेली, की मला वाटलं, सापडली तिला गाडी. तिने एका पांढऱ्या गाडीचं दार उघडलं आणि आत बसली.

आपली लाल आहे.

मी धावलो. माझं धावणं तू पाहिलं नाहीस हे बरं आहे. पोचेपर्यंत आतून तिचं बोलणं ऐकू येत होतं: आज पाणी बर्फ होतं, चला लवकर, आणि तुमच्या त्या भाच्याने गाडी दुरुस्त केली वाटतं एकदाची. मग एकदम थांबली. मागच्या सीटवरून एका मोठ्या कुत्र्याने तिच्या मानेला नाक लावलं होतं. स्टिअरिंगवरचा माणूस अतिशय मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, तो तसा सभ्य आहे."

जनावरांचा डॉक्टर आहे तो. बायकोला न्यायला आला होता. तेवढ्यात मी खिडकीशी पोचून काहीतरी बरळलो, आणि माझा आवाज बाहेरून आला म्हटल्यावर तिला कळलं. ती उतरली. मान वर करून त्याला म्हणाली, "माफ करा, गाड्या अगदी सारख्या दिसतात."

त्याने माझ्या लाल गाडीकडे पाहिलं, आपल्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "दिसतात खऱ्या."

 घरी आल्यावर तिने पोहण्याची पिशवी दारामागच्या खुंटीला लावली. ती अजून तिथेच आहे. मी रिक्षा म्हटलं, तर म्हणाली रिक्षावाल्याला काय सांगणार, मला हात धरून बसवा? मी फाटकाशी उभा राहतो म्हटलं, तर म्हणाली मग काठीच आणा एक. आता ती दिवसभर खुर्चीत बसते. परवा घरातल्या घरात पहिल्यांदा भिंतीला हात लावून चालली. वीस वर्षांचं घर आहे हे आमचं.

आता सगळ्यात वाईट ऐक. मी गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने आपली जुनी पुली भंगारात टाकलीच नाही. त्या जनावरांच्या डॉक्टरची गाडी आपल्याच बनावटीची, गावात दोनच. त्याची पुली चिरली होती, म्हणून गॅरेजवाल्याने ठेवलेली आपली पुली त्याला बसवली. तुझी मामी चुकली नव्हती. ती आपल्याच गाडीत बसली होती, फक्त पत्रा दुसऱ्याचा होता.

मामा


६ एप्रिल

मामा,

पत्र वाचून मी गाडीखाली जाऊन पडून राहिलो. तिथे कोणी विचारायला येत नाही.

आता चिडायची पाळी माझी. तुम्ही मला दिव्यांबद्दल लिहिलंत, वॉचमनबद्दल लिहिलंत, यतीबद्दल लिहिलंत. एका ओळीत "मामीला दिसत नाही" लिहिलं असतंत तर मी दुसऱ्या दिवशी गाडीखाली असतो. मी तुमच्याशी पुल्यांवरून वाद घालत बसलो आणि मामी खुर्चीत बसल्या. तुम्हा दोघांच्या त्या कराराला काय म्हणावं, मला कळत नाही. मामी कुणाला सांगू देत नाहीत, आणि तुम्ही सांगत नाही, आणि मग आम्ही सगळे मूर्खासारखे प्रेमाने चुकीचं करत राहतो.

नवी पुली तुमच्या गॅरेजवाल्याकडे पोचली आहे. ती तुमच्या गाडीला बसवू नका. ती डॉक्टरच्या गाडीला बसवायची आणि त्याची वाकलेली आपल्याला. त्याला आवाजाचा त्रासच होत असणार, तो खूशच होईल. गॅरेजवाला म्हणाला, अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण डॉक्टरने हो म्हणायला हवं, आणि विचारायला त्याच्याकडे जायला हवं. माझ्याऐवजी तुम्ही जा. खरं काय ते सांगा.

एवढं एकदा करा मामा.

भाचा


१३ एप्रिल

चिरंजीव,

सांगा म्हणतोस. मी दोनदा त्याच्या दवाखान्यापर्यंत गेलो. बाहेर एक बकरी आणि दोन मांजरं रांगेत होती. मी रांगेत उभा राहिलो आणि परत आलो. काय सांगू? साहेब, तुमच्या गाडीतली वाकडी पुली द्या? तो विचारणार, कशाला. मग कारण सांगायचं, आणि ते कारण माझं नाही, तिचं आहे. तिने चारचौघांत मान वर करून ज्या गोष्टीवर पांघरूण घातलं, ते मी मांजरांसमोर काढू? आयुष्यभर वर्गात मुलांना कवितेचा अर्थ सांगत आलो, आणि एक साधं वाक्य मला जमत नाही. मी चिडलो आहे, आणि या वेळी तुझ्यावर नाही.

हे मी खिडकीशी बसून लिहितो आहे. मंदाक्रांता समोर अंगणात बॉनेट उघडं टाकून उभी आहे, बॅटरीही आता उतरली. मामी आतल्या खुर्चीत आहे.

थांब, ती काहीतरी म्हणते आहे.

म्हणते, "अहो, गाडी चालू ठेवून आत काय लिहीत बसलात? तापेल ना ती."

मी म्हटलं, अगं, गाडी बंद आहे. म्हणाली, "मला काय कान नाहीत?"

आणि आता मलाही ऐकू येतं आहे. पारवं. फाटकाबाहेर.

पांढरी गाडी आहे. इंजिन चालूच ठेवून तो जनावरांचा डॉक्टर उतरला आहे. त्याच्या हातात तिची पिवळी पोहण्याची टोपी आहे. त्या दिवशी सीटवर राहिली असणार, आम्ही घरभर शोधली होती. कुत्रा खिडकीतून मान काढून बघतो आहे. मी उठायला हवं. त्याने बेल वाजवली, आणि मी लिहीतच बसलो आहे.

ती माझ्या शेजारून गेली. भिंतीला हात न लावता. आवाज जिकडून येतो आहे तिकडे, सरळ. खुंटीशी क्षणभर थांबली, पिशवी काढून खांद्याला लावली. दार उघडलं. तो टोपी पुढे करून काहीतरी बोलू लागला, आणि तिने त्याला मध्येच थांबवलं. हे तिचेच शब्द, जसेच्या तसे लिहितो आहे.

"डॉक्टर, मला नीट दिसत नाही हो. त्या दिवशी मी आवाजावर बसले तुमच्या गाडीत. आता आत या, मला तुमच्याकडे एक वस्तू मागायची आहे. आणि त्या सभ्य माणसालाही घेऊन या."